उपरण्याखाली ठरलेले बिल

जळगाव,
मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८७६

तीर्थस्वरूप चुडामण नाना यांच्या चरणी, मुक्काम धुळे, गल्ली नंबर पाच,

जावई जीवराम याचा डोके टेकून नमस्कार. (आपण पाय मागे घेणार असाल तर नमस्कार उंबऱ्यापाशीच ठेवून द्यावा, मी रागावणार नाही.) येथील सर्व कुशल आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. घरात मी एकटाच आहे, त्यामुळे ते खोटे पाडायला दुसरे कोणी नाही. आपले गुडघे या थंडीत कसे आहेत? उन्हे आल्याशिवाय दुकानाच्या ओट्यावर बसू नये, असे मागे मी आपल्याला बजावले होते. ते बजावणे आता परत घेतो, कारण मी आपल्याला काही सांगावे अशी माझी सध्या स्थिती नाही. माईंना नमस्कार. आमचे मेहुणे निंबा यांना आशीर्वाद लिहिणार होतो, पण एस.टी. स्टँडवर निरोप घेताना त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की, आशीर्वाद थोडे दिवस माझ्याकडेच ठेवावे म्हणतो.

आपले कार्ड पोचले. आपण मोजक्याच ओळी लिहिल्या आहेत: 'कमल बाळाला घेऊन सुखरूप आली. माहेरी सगळ्यांशी बोलते, हसते, फक्त तुमचे नाव निघाले की उठून आत जाते. आम्ही विचारले तर सांगत नाही. दवाखान्यात काय झाले ते तुम्ही तरी कळवावे.' नाना, कलेक्टर कचेरीत माझी आजवरची सगळी नोकरी आवक-जावक टेबलावर झाली. जिल्ह्यातून कसलाही कागद येवो, त्याला उत्तर लिहिताना माझा हात अडत नाही. पण आपल्या कार्डाला उत्तर द्यायला बसलो की 'संदर्भ: आपले कार्ड' याच्यापुढे टाक सरकत नाही. याआधीचे मसुदे फाडले. एकात सगळा दोष आमच्या आबांवर (ते पुढे येतीलच) होता, दुसऱ्यात दवाखान्यावर, तिसऱ्यात नशिबावर. या पत्रात दोष ज्याचा त्याच्याकडे ठेवला आहे, म्हणून ते लांबणार आहे.

आपल्याला आठवत असेल (आठवू नये अशी माझी इच्छा आहे), सातव्या महिन्यात आपण कमलला न्यायला जळगावला आला होतात. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे आणि त्याचा खर्च माहेरने करायचा, ही आपल्याकडची चाल. माईंनी डिंक आणून ठेवला होता, सुईण सांगून ठेवली होती, आणि आपण परतीच्या दोन तिकिटांचे पैसे बंडीच्या वेगळ्या खिशात ठेवले होते. तेव्हा मी आपल्याला पाटावर बसवून एक भाषण केले. त्या दिवसांत एका मासिकात आधुनिक बाळंतपणावर लेख आला होता. मी त्याचा पूर्वार्ध वाचला होता. उत्तरार्धाचा अंक कचेरीतल्या दुसऱ्या कारकुनाने घरी नेला. (खर्चाचा भाग उत्तरार्धात असावा.) तर मी म्हणालो की, स्वराज्य आले, आता बायकांनी अंधाऱ्या खोलीत बाळंत व्हायचे दिवस गेले, शिकलेला नवरा आपल्या बायकोचा खर्च आपण करतो, आपल्यावर एका पैचाही भार पडू देणार नाही. शेजारचे दोघे दारात उभे होते, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणालो. आपण सगळे ऐकून घेतलेत, पान लावलेत आणि एवढेच बोललात, 'बरं जावईबापू, तुमची मर्जी.' मग एकटेच परत गेलात. कमल दाराआड उभी होती. तिने पदराने डोळे टिपले, तेव्हा चुलीत ओले लाकूड असावे असे मला वाटले.

आता दवाखाना. हा दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा आहे. त्यात एक मोठी खोली आहे, तिथे खाटेला भाडे पडत नाही. आणि ज्यांना भाषणे करायची सवय आहे त्यांच्यासाठी तीन स्पेशल खोल्या आहेत. मी स्पेशल घेतली. त्यातही पहिल्या नंबरची घेतली, कारण ती डॉक्टरीणबाईंच्या ऑफिसला लागून होती आणि तिचे भाडे रोज बारा आण्यांनी जास्त होते. धुळ्याहून कोणी पाहायला आले तर त्यांना कळावे, असा हेतू. ऑफिस आणि खोली यांच्यामध्ये भिंत नव्हती. फळ्यांचा आडोसा होता आणि वर दोन हात जागा मोकळी होती. मी ती हवेशीर म्हणून पसंत केली. नाना, पुढचे सगळे त्या दोन हात मोकळ्या जागेतून झाले आहे.

कमलला फार त्रास झाला, हे माई आपल्याला सांगतील. डॉक्टरीणबाईंना चिमटा लावावा लागला, बाहेरून इंजेक्शने आणावी लागली. मी व्हरांड्यात उभा होतो आणि त्या वेळी कोणी माझे घरदार मागितले असते तर लिहून दिले असते. मुलगी झाली. माझी आई आमच्या गावाहून, असोद्याहून, आली होती. दहा दिवसांचे सुवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटेपर्यंत तिने मला खोलीच्या आत पाऊल टाकू दिले नाही. धुरपदाबाई म्हणून आया आहेत, त्यांनी दारातूनच एक गाठोडे मला दाखवले. त्यात थोडे कपाळ दिसले. मी 'छान आहे' म्हणालो. त्या दवाखान्यात मी खरे बोललो ते हे शेवटचे वाक्य.

मग बिल आले. एकशे बासष्ट रुपये. माझा पगार भत्ता धरून ब्याण्णव आहे. (लग्न ठरताना आपण विचारलेत तेव्हा मी एकशे दहा सांगितला होता, तेवढी दुरुस्ती या निमित्ताने करून घ्यावी.) शंभर रुपये मी कचेरीच्या पतपेढीतून आधीच काढून ठेवले होते. वरचे कुठून आणावेत ते सुचेना. आपल्याकडे मागायची वाट मी पाटासमोर उभा राहून, शेजाऱ्यांच्या साक्षीने, बंद करून टाकली होती. तेव्हा मला जे येते ते मी केले, म्हणजे अर्ज केला. ट्रस्टतर्फे बिलांचे काम अमृतलाल शेठ पाहतात. कापसाचे आणि धान्याचे मोठे आडते. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले, ते स्वतः जळगावच्या बाहेर फारसे गेलेले नाहीत. 'अर्जदार अत्यंत गरीब असून' अशी सुरुवात करून मी तो अर्ज असा करुण लिहिला की, वाचताना मला माझीच दया आली. दुर्दैवाने त्याच दुपारी असोद्याचे लोक बाळाचे तोंड पाहायला आले. दोन बैलगाड्या भरून आले. केळीचे घड घेऊन आले, आणि बायकांनी आत जाऊन प्रत्येकाच्या नावाने बाळाच्या मुठीत चांदीचा रुपया ठेवला. बाळंतिणीला केळी चालत नाहीत, म्हणून आईने ती सगळ्या दवाखान्यात वाटली. शेठ अर्ज वाचायला बसले तेव्हा त्यांच्या टेबलावरही अर्जदाराकडच्या केळ्यांची फणी होती. त्यांनी एक केळे सोलले, अर्जावर 'नामंजूर' असे लिहिले, आणि केळे गोड आहे म्हणाले.

इथे तोताराम आबा पुढे आले. आबा म्हणजे माझे थोरले काका, लग्नात आपल्याशी मानपानावरून भांडले होते ते. बैलबाजारातले दलाल, बोदवडपासून एरंडोलपर्यंत त्यांच्या शब्दावर बैल दावण बदलतात. अर्जाची हकीकत ऐकून ते म्हणाले, 'अरे, अर्ज काय करतो? बिल म्हंजे भाव. भाव कागदावर नही ठरत, उपरन्याखाली ठरतो. मी येतो तुह्यासंगं. तू फक्त हो हो म्हन.' आपण बैलबाजार पाहिलेला आहे, पण पत्र माईही ऐकतील म्हणून खुलासा करतो. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरतात. कुठली बोटे किती दाबली यावरून आकडा ठरतो, भोवतीच्या माणसांना तो कळत नाही. हात खाली भाव करत असतात, तोंडे मात्र वर मोकळी असतात, म्हणून तोंडांनी मालाविषयी बोलायचे. घेणाऱ्याने नावे ठेवायची, देणाऱ्याने वाखाणायचे. घेणाऱ्याबरोबर एक जोडीदार असतो, त्याने प्रत्येक दोषाला मान डोलवायची. तो जोडीदार मी.

आम्ही ऑफिसात गेलो. डॉक्टरीणबाई वॉर्डात होत्या. आबांनी टेबलावरचे रक्तदाबाचे यंत्र बाजूला सारले, उपरणे पसरले आणि हात पुढे केला. शेठ आधी चपापले. मग त्यांनी दाराकडे एकदा पाहिले आणि बाही वर सारली. हल्ली त्यांच्या आडतीवर हे काम मुनीम करतात, त्यांना स्वतः हात घालायला मिळत नाही, असे नंतर कळले. त्यांचा चेहरा पोरासारखा खुलला होता. आबांनी सुरुवात केली, 'पोरगी हाये, शेठ. पोऱ्या असता तं बठ्ठे पैसे मोजले असते, तोंडातून सबद काढला नसता.' मी हो म्हणालो. शेठ म्हणाले, पाटील, लक्ष्मी आली आहे, असे बोलू नये. आबा म्हणाले, रंग काळा आहे. मी हो म्हणालो. शेठ म्हणाले, काळा नाही, सावळा, आणि कांती पाहा, महिन्यात उजळेल. आबा म्हणाले, 'वजन पाहा ना, साडेपाच पौंड बी नही.' मी हो म्हणालो. शेठ म्हणाले, अंगाने बारीक आहे पण काटक आहे, आवाज ऐकलात का, सारा दवाखाना जागा होतो. आबा म्हणाले, तेच तर, रडते फार, म्हणजे पुढे खाणार फार. मी हो म्हणालो. माझे सगळे लक्ष त्या उपरण्याकडे होते. ते हलले की माझे काही रुपये वाचत होते.

तीस रुपयांवर उपरणे थांबले. (आकडा आबांनी मला बाहेर आल्यावर सांगितला.) शेठ बोट देईनात. आबांजवळचे दोष संपले होते, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात मी काही बोलावे असे नव्हते; जरा मान जोरात हलव, एवढेच असावे. पण नाना, त्या क्षणी मी, कोणी न विचारता, आपल्या मनचे एक वाक्य बोललो. ते वाक्य येथे लिहीत नाही. त्या वाक्यावर शेठनी एकदम बोटे सैल सोडली आणि आणखी दहा रुपये सुटले. चाळीस रुपये कमी झाले. बाहेर येऊन आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि शिकलेला असून बाजारात कामाचा आहेस असे म्हणाले. मला इतका आनंद झाला की मी चौकात जाऊन शेरभर जिलेबी बांधून घेतली.

जिलेबी घेऊन आलो तर धुरपदाबाई दाराशी उभ्या. त्या धुळ्याकडच्या आहेत. माझ्या हातातल्या पुड्याकडे पाहून म्हणाल्या, 'भाऊ, आते मझार जाऊ नका. ताईनी बठ्ठं ऐकेल शे.' म्हणजे फळ्यांवरून सगळे बोलणे कमलपर्यंत पोचले होते. कमल भिंतीकडे तोंड करून निजली होती. बाळ दुपट्यात डोक्यापर्यंत गुंडाळलेले होते. कमल वळली नाही, पण माझी चाहूल तिला लागली असावी. ती म्हणाली, 'एवढ्यातच भाव तुटला? आणखी दोष हवे होते तर मला विचारायचं. मी तिला जवळून पाहिलं आहे.' मागून आबा आले. त्यांना काय झाले ते माझ्याआधी समजले. त्यांनी पागोटे काढून हातात घेतले आणि म्हणाले, 'पोरी, मी बाजाराचं बोललो. ते घरात नको आनू. नात माही बी हाये.' कमल त्यांच्याकडे वळली, पदर डोक्यावर घेतला आणि पडल्या जागेवरून हात जोडले. मग माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारला. 'आबा धंद्याचं बोलले. तुम्ही कशाचं बोललात?' हा प्रश्न माझ्याकडे आवक झाला आहे, नाना. जावक अजून झालेली नाही.

बिलाचा शेवट आपण विचारलेला नाही, पण तो माझ्याकडूनच आपल्याला कळलेला बरा. पतपेढीचे शंभर आणि महिन्याच्या किराण्याचे बावीस, असे एकशे बावीस भरून मी पावती घेतली. संध्याकाळी कमलने बाळाच्या मुठीत जमलेले रुपये पदराच्या गाठीतून सोडले, त्यातले चाळीस मोजून धुरपदाबाईंच्या हाती शेठकडे पाठवले आणि निरोप दिला की, माल चोख आहे, भाव पुरा घ्यावा. शेठ निरोपाबरोबर उठून आले. दाराबाहेर उभे राहून त्यांनी टोपी काढली. तिच्या चाळीस रुपयांची पावती केली, कारण ट्रस्टचा पैसा म्हणजे ट्रस्टचा पैसा. आणि मग स्वतःच्या खिशातून चाळीस काढून बाळाचे तोंड पाहिल्याचे म्हणून माझ्या आईच्या हाती दिले. अशा पैशाला नाही म्हणता येत नाही. 'बेटी, मी तर वाखाणतच होतो,' एवढेच ते म्हणाले आणि गेले. ते खरेच वाखाणत होते, आणि मला हेच रात्रंदिवस टोचते आहे. त्या माणसाला तिचे बिल वसूल करायचे होते, तो तिचा कोणी नाही, आणि तो तिच्या बाजूने भांडत होता. समोर तिचा बाप बसला होता आणि हो हो म्हणत होता. दवाखान्याला पूर्ण बिल मिळाले, शेठना हौस फेडता आली, बाळाचे पैसे बाळाकडे आले. जिलेबी मी कचेरीत वाटली. सगळे म्हणाले, मुलगी झाली तरी हा खूश आहे, मोठ्या मनाचा आहे. मी ती स्तुतीही ऐकून घेतली.

सुवेर फिटले त्याच दिवशी निंबा आले. आपण त्यांना पाठवलेत की कमलने कार्ड टाकले, हे मी विचारले नाही. स्टँडवर तिने मला ट्रंक उचलू दिली, वळकटी उचलू दिली, पाण्याचा तांब्या भरून आणू दिला. बाळ मात्र निंबांच्या हातात होते. मी हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली की गाडी सुटेल. गाडी सुटायला बराच वेळ होता. शेवटी पारोळ्याच्या दिशेने गाडी निघाली तेव्हा खिडकीतून दुपट्याचे टोक हलताना दिसले, आणि मी त्याला हात केला.

नाना, मला लाज वाटते. आपल्याला पाटावर बसवून बोललो त्याची वाटते, अर्जाची वाटते, आणि त्या टेबलाशी मी जो कोणी बसलो होतो त्याची तर इतकी वाटते की, त्या दवाखान्यावरून जाणारा रस्ता मी सोडला आहे आणि कचेरीला लांबून वळसा घालून जातो. कमलने दोन दिवस मरणाशी गाठ घेऊन जे आणले, त्याला मी चाळीस रुपयांसाठी नावे ठेवू दिली. आपली मुलगी आपल्या स्वाधीन केली असती तर यातले काहीच झाले नसते. आपण त्या दिवशी एकटे परत गेलात, त्याबद्दल आपली क्षमा मागतो. पैशाची अडचण नाही, मनीऑर्डर वगैरे पाठवू नये. दुसरे काही मागणे नाही. डिंकाचे लाडू कमलला सोसतात का ते पाहावे, आणि तिला दुपारी झोपू द्यावे. लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

आपला,
जीवराम

ता.क. — मागणे नाही असे वर लिहिले, ते खरे नाही. काल आबा असोद्याहून आले होते. त्यांना बारशाच्या आमंत्रणाचे कार्ड आले आहे, कमलच्या अक्षरातले. माझ्या नावाने काही आलेले नाही. टपाल सांभाळणे हाच माझा धंदा असल्याने वाटेत गहाळ झाले म्हणायचीही सोय नाही. आबा म्हणतात, जोडीदार म्हणून माझ्यासंगं चल, पण या खेपेला हो सुद्धा म्हणू नको. कमलला विचारून तेवढी परवानगी मिळवून द्यावी. पंगतीत बसवू नये. मी ओट्यावर बसेन.

ता.क. दुसरा — पाकीट चिकटवले होते, ते पुन्हा उघडले आहे. ते वाक्य आपल्याला कळल्याशिवाय आपण माझी रदबदली करावी हे बरे नाही. मी म्हणालो होतो, 'आणि शेठ, नाक तर पार बसकं आहे, सगळं आजोळचं घेतलंय.' म्हणजे आपले, नाना. कमलचेही तेच आहे. लग्नाआधी मुलगी पाहायला आलो तेव्हा मी घरी येऊन त्याच नाकाची सगळ्यांपाशी स्तुती केली होती, हे आबांना विचारावे.

ता.क. तिसरा — आणि बाळाचे नाक मी अजून पाहिलेले नाही. दारातून कपाळ दिसले होते आणि खिडकीतून दुपट्याचे टोक. ते वाक्य मी नुसते अंदाजाने बोललो. आज कोणी मला विचारले की मुलगी कशी आहे, तर आबांनी काढलेले दोष आणि शेठनी सांगितलेले गुण यांच्यापलीकडे मला काही सांगता येत नाही. बारशाचे जमले नाही तरी कमल आत गेली असेल तेव्हा आपण पाळण्यात जरा डोकवावे, आणि तिचे नाक कसे आहे तेवढे एका कार्डावर कळवावे. आपल्यासारखे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. ते कार्ड मला कचेरीत सगळ्यांना दाखवायचे आहे.